अल्पाकाची लोकर घेऊन खान्देशात

पहिला दिवस : जळगाव

भाचीने पेरू देशातल्या आरेकिपा शहरातून आणलेल्या पिशवीत अल्पाका या तिकडच्या पाळीव जनावराची लोकर चार रूपांत होती. वाकाया जातीच्या जनावराचा न धुतलेला पुंजका, सुरी जातीच्या सुट्या लांब बटा, दुपदरी सुताच्या काही लडी आणि बिनरंगवलेला, मूळच्याच तपकिरी रंगाचा एक तयार स्वेटर. ती वस्त्रनिर्यातीच्या व्यवसायात तंतूंची पारख करण्याचे काम करते, आणि माझी हयात जळगावात कापड विकण्यात गेली. त्यामुळे हा परका तंतू खान्देशातल्या कापसाच्या आणि मेंढीच्या लोकरीच्या शेजारी ठेवावा आणि ज्यांचे हात या कामात मुरले आहेत त्यांच्याकडून तो तपासून घ्यावा, एवढ्या हेतूने आम्ही मामा-भाची डिसेंबरात बाहेर पडलो.

सुरुवात कापसापासून करणेच योग्य होते. शहराबाहेरच्या एका जिनिंगमध्ये हंगाम ऐन भरात होता आणि गेल्या पावसाळ्याचा कापूस सरकीपासून सुटून गठाणींत बांधला जात होता. तिथल्या जाणत्या मुकादमाने रुईची लांबी आम्हाला जुन्या पद्धतीने मोजून दाखवली. चिमटीत रुई धरायची, ओढून दोन भाग करायचे, ते एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढायचे आणि सगळे तंतू समांतर झाले की अंगठ्यावर त्यांची लांबी पाहायची. त्याची रुई २९-३० मिलिमीटर भरली. त्याच चिमटीत त्याने अल्पाकाचा पुंजका धरला आणि ओढला, तेव्हा तंतू संपेचना. तो जवळजवळ दहा सेंटिमीटर लांब निघाला.

लांबीत कापूस हरला, तरी बारीकपणात तो पुढेच आहे. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, तर अल्पाकाच्या चांगल्या प्रतीचा तंतू २०-२३ मायक्रॉनचा. मग बारीक कापूस ऊब का देत नाही, असे मुकादमाने विचारले. भाचीने पुंजका त्याच्या मुठीत दाबला आणि मूठ उघडायला सांगितली. मूठ उघडताच पुंजका फुलून वर आला. वाकायाच्या तंतूला बारीक लहरी असतात आणि त्या लहरींमध्ये हवा अडकून राहते. शिवाय त्यातल्या पुष्कळ तंतूंच्या गाभ्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. ऊब देते ती ही अडकलेली, न हलणारी हवा. कापसाचा तंतू चपटा आणि पिळलेला असतो, घाम शोषून अंगाला चिकटतो, आणि म्हणूनच तो उन्हाळ्याचा सोबती ठरतो. जळगावच्या मे महिन्याला कापसावाचून दुसरे उत्तर नाही, हे मी दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही सांगू शकलो असतो.

दुसरा दिवस : अमळनेर

ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने अमळनेरला उतरलो. प्रताप मिलमुळे हे गाव एके काळी कापडाचे गाव म्हणून ओळखले जाई. अल्पाकाच्या कापडाची एक कथा कापसाशी जोडलेली आहे आणि ती सांगायला अमळनेरहून बरी जागा नव्हती, म्हणून स्टेशनबाहेर चहा घेता घेता मी ती भाचीला सांगितली. तिला ती अर्थातच माझ्याहून चांगली ठाऊक होती, आणि अर्ध्या वाटेवरच तिने ती माझ्याकडून काढून घेतली.

टायटस सॉल्ट या ब्रॅडफर्डच्या कारखानदाराने १८३६ साली लिव्हरपूलच्या गोदामात गिऱ्हाईक न मिळालेल्या अल्पाकाच्या गाठी पाहिल्या आणि विकत घेतल्या. अडचण सुताची होती. हा तंतू लांब आणि गुळगुळीत असल्यामुळे मेंढीच्या लोकरीसाठी बनवलेल्या यंत्रांवर तो नीट कातला जात नसे. ती अडचण सुटल्यावर जे कापड यशस्वी झाले, त्यात उभा ताणा कापसाचा होता आणि आडवा बाणा अल्पाकाचा. ताणा कापसाचा असल्याने कापड पातळ आणि मजबूत झाले, बाणा अल्पाकाचा असल्याने त्याला झळाळी आली. या व्यवसायावर सॉल्टने १८५३ साली ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअरची गिरणी सुरू केली आणि पुढे तिच्याभोवती कामगारांचे गाव उभे केले. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि खान्देशातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला.

आपल्याकडे वकील आणि कारकून मंडळी ज्या अल्पाकाच्या कोटात वावरत, तो कोट या वाणाच्या कापडाचा होता. तो उबेसाठी नव्हताच. पातळ, काळा, चमकदार आणि चुरगळला तरी लवकर सरळ होणारा, अशी त्याची ख्याती होती. कालांतराने अल्पाकाच्या नावाखाली मोहेरचे (अंगोरा शेळीच्या केसांचे), कापसाचे आणि रेयॉनचेही कापड विकले गेले. आमच्या धंद्यात मालापेक्षा नाव जास्त टिकते, याचे मला नवल वाटत नाही.

तिसरा दिवस : धुळे

धुळ्याची थंडी खान्देशात प्रसिद्ध आहे. काही हिवाळ्यांत इथला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे स्वेटरांचा हंगामी बाजार जोरात होता. एका दुकानात ‘अल्पाका’ अशी चिठ्ठी लावलेली शाल चारशे रुपयांना मिळाली. भाचीने ती घेतली आणि धर्मशाळेच्या अंगणात तिचा एक धागा, आमच्या लडीतला एक धागा आणि कापसाचा एक धागा असे तीन धागे एकामागून एक काडीवर धरले. कापूस कागद जळावा तसा भुरकन पेटला आणि मऊ राख झाली. अल्पाका धुमसत, आक्रसत जळला, ज्योत दूर करताच विझला, केस जळल्याचा वास आला आणि मागे काळा, चिमटीत चुरडणारा गोळा उरला, कारण हा तंतू केसांप्रमाणेच केराटिन या प्रथिनाचा. शालीचा धागा मात्र वितळून ठिबकला आणि त्याचा टणक मणी झाला. ती अॅक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची होती. शाल वाईट नव्हती. चारशेत ती रास्तच म्हणायची, फक्त चिठ्ठी खोटी होती.

चौथा दिवस : साक्रीच्या वाटेवर

साक्रीच्या आधी महामार्ग सोडून पांझरेच्या काठाने आत गेल्यावर एका कांद्याच्या मोकळ्या रानात ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, बसलेला सापडला. शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. काळ्या, करड्या आणि पांढुरक्या मेंढ्या वाघराच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत दाटीने उभ्या होत्या आणि बिऱ्हाडाचे सामान लादायचे घोडे बाहेर चरत होते. दिवाळीनंतरच्या कातरणीची लोकर दोन पोत्यांत भरून खाटेखाली पडलेली होती. पोत्यांना गिऱ्हाईक मिळाले का, असे विचारल्यावर घरची म्हातारी म्हणाली, “आमनी लोकर कोनी लेत नही, भाऊ. कातरानी मजुरी बी निंघत नही.” मग तिने भाचीच्या हातातली लड घेतली, गालाला लावली आणि विचारले, “हाई काय शे, पोरी? लोकर शे का रेशीम?”

इथून पुढचे दोन तास माझ्या दृष्टीने या प्रवासातले सर्वांत मोलाचे होते. भाचीने परवानगी मागून एक पोते सतरंजीवर रिकामे केले आणि लोकर निवडायला सुरुवात केली. आरेकिपात हे काम बायका करतात आणि त्यांतल्या अनुभवींना माएस्त्रा म्हणतात. जनावराच्या अंगावरून उतरलेली लोकर त्यांच्यापुढे येते आणि त्या बोटांनी चाचपून तिचे रंग आणि जाडी यांप्रमाणे वाटे करतात. पेरूच्या मानकाप्रमाणे २३ मायक्रॉनपर्यंतची लोकर ‘बेबी’ प्रतीत जाते, त्यावर २६.५ पर्यंत ‘फ्लीस’, मग २९ पर्यंत मध्यम, ३१.५ पर्यंत ‘वारिसो’ आणि त्याहून जाड ती भरड. ‘बेबी’ ही प्रत पिल्लाचीच असते असे नाही. मोठ्या जनावराच्या पाठीवरची लोकर पुरेशी बारीक असेल, तर तीही त्याच वाट्यात पडते. आणि त्याच जनावराच्या छातीची, पायांची आणि पोटाची लोकर भरडात जाते.

हे ऐकताच म्हातारीने आपल्याकडचे गाठोडे आणले. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, ती वेगळी ठेवत आली होती. घोंगडे जावळाचे असेल तर ते मऊ आणि महाग असते, हे तिला माहीत होते, पण ते मागणारेच उरले नाहीत म्हणून गेल्या दोन हंगामांतले जावळ घरातच पडून होते. भाचीने जावळाची एक बट आणि पोत्यातली एक बट हातावर शेजारी ठेवली. पोत्यातली बट भरड होती. तिच्यात तीस मायक्रॉनहून जाड, सरळ, केसांसारखे तंतू साध्या डोळ्यांनाही दिसत होते. कापडाबाहेर आलेले असे जाड टोक कातडीवर टेकले की वाकत नाही, टोचते. आणि अशा तंतूंचे प्रमाण शेकडा पाचाच्या वर गेले की बहुतेकांना ते वस्त्र अंगाला खाजते. जावळाच्या बटेत असे तंतू कमी होते. अल्पाकाइतकी ती मऊ नव्हतीच, पण पोत्यातल्या लोकरीपेक्षा ती निराळ्या प्रतीची होती, हे माझ्या दुकानदारी बोटांनाही कळले.

म्हातारीचा मुलगा एवढा वेळ गप्प होता. त्याने शेवटी व्यवहाराचा प्रश्न केला, की तिकडचे मेंढपाळ या लोकरीवर श्रीमंत झाले असतील. भाचीने मान हलवली. जगातले बहुसंख्य अल्पाका एकट्या पेरूत आहेत आणि ते पुनो, कुस्को, आरेकिपा या भागांत समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीच्या पठारावर पाळले जातात. ती लहान कळपांची गरीब माणसे आहेत. त्यांच्यातले अनेकजण लोकर न निवडता, सरसकट एका भावाने, वजनावर विकतात. बारीक आणि भरड यांतला फरक गावी कुणी मोजत नाही. तो शहरातल्या निवडीच्या सभागृहात मोजला जातो आणि त्याचा पैसाही तिथेच राहतो. मुलगा हसून म्हणाला, “मग आपलं अन् त्यायचं सारखंच शे.”

मला हे पटले. मऊपणा जनावराच्या रक्तात असतो हे खरे, पण बाजारात येणारा मऊपणा निम्मा तरी निवडणाऱ्या हाताचा असतो. खान्देशची लोकर भरड आहे म्हणून तिला भाव नाही, असे आपण सहज म्हणतो; ती काळी-पांढरी, पाठीची-पोटाची, कोकराची-म्हाताऱ्या मेंढीची सगळी एका पोत्यात कोंबली जाते, हे मात्र आपण बोलत नाही. अल्पाका जरी असा पोत्यात कोंबला, तरी त्याचीही शाल टोचेल.

परतताना रस्त्यावर काठेवाडी पशुपालकांचा तांडा लागला आणि त्यांच्या उंटांना पाहून भाचीने गाडी थांबवायला लावली. अल्पाका उंटाच्याच कुळातला. तिने मला दुभंगलेला वरचा ओठ आणि पायाचा मऊ, गादीदार तळवा दाखवला. अल्पाकाच्या पायालाही असाच तळवा असतो, म्हणून त्याच्या चालण्याने पठारावरची माती शेळ्या-मेंढ्यांच्या खुरांइतकी उखडत नाही. उंटवाल्याने तोपर्यंत आम्हाला दोन उंटांचे भाव सांगून टाकले होते.

पाचवा दिवस : सणगरांच्या घरी

घोंगडी विणणारे सणगर खान्देशात आता शोधावे लागतात. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात असे एक आबा आहेत, एवढा पत्ता वाड्यावर मिळाला होता. सत्तरी ओलांडलेले, पण खड्ड्यातल्या मागावर बसले की पाठ ताठ. ओसरीत चिंचोक्यांची खळ शिजत होती. ताण्याच्या लोकरीच्या सुतावर ही खळ कुंच्याने चोपडली की सूत ताठ होते, त्यावर उठलेले केस बसतात आणि फणीच्या घर्षणाने ते तुटत नाही.

आबांनी आधी न धुतलेला पुंजका हातात घेतला, हुंगला आणि म्हणाले, “हिला मेंढीचा वास नाही. तेलच नाही हिच्यात.” त्यांचे निदान अचूक होते. मेंढीच्या लोकरीत असणारे लॅनोलिन नावाचे मेण अल्पाकात फार थोडे असते. अल्पाका धुळीत लोळतो, त्यामुळे धूळ आणि गवत निघते, पण मेण काढण्यासाठी कढत पाणी आणि सोडा फारसा लागत नाही, आणि धुतल्यावर मूळ वजनाच्या ८५-९० टक्के तंतू हाती राहतो. आबांच्या सुनेने अर्धी बादली कोमट पाणी आणि रिठ्याच्या फेसात पुंजका बुडवला. दोन पाण्यांतच तो निवळ झाला. शेजारी वाड्यावरून सोबत आणलेले जावळ धुतले, त्याला पाच पाणी लागले.

मग सूत कातायची चाती. पिंजलेल्या लोकरीचा पेळू करून आबांनी सवयीने धागा ओढला आणि तो सुटला. दुसऱ्यांदा ओढला, पुन्हा सुटला. “निसटतंय,” ते म्हणाले, आणि त्यांनी चातीला नेहमीपेक्षा जास्त पीळ दिला. तेव्हा धागा धरला. कारण तंतूच्या पृष्ठभागात आहे. मेंढीच्या लोकरीवर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्या कडा एकमेकांत अडकून सूत धरून ठेवतात. अल्पाकाच्या तंतूवरचे खवले साधारण निम्म्याच उंचीचे असतात, म्हणून तो हाताला गुळगुळीत लागतो, प्रकाश परतवतो, आणि कातताना निसटतो. आबांना सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही. दोन धागे तुटले आणि त्यांना खवल्यांचा हिशेब कळला.

सुरीच्या बटा पाहून मात्र ते थबकले. वाकाया फुगीर, लहरीदार. आणि सुरीच्या लोकरीला लहरीच नसतात, ती जनावराच्या अंगावरून जटांसारखी लोंबते. जगातल्या अल्पाकांत सुरी फार थोडे, दहात एकही भरत नाही. तिची चमक जास्त, ऊब थोडी कमी, आणि कापड अंगावर सुंदर पडते. सॉल्टचा प्रयोग करायचा तर तो सुरीवर, असे भाचीने ठरवूनच आणले होते. आबांच्या सुनेने कापसाच्या सुताचा हातभर रुंदीचा ताणा लावला आणि आबांनी धोट्यात सुरीचे दुपदरी सूत भरले.

पहिली चार बोटे विणून झाल्यावर ते थांबले. नेहमीच्या जोराने फणी ठोकली तर बाणा इतका दाटत होता की कापड जड आणि निबर होऊ लागले. घोंगडीला दाटपणा हवाच असतो, कारण तिने पाऊस अडवायचा असतो. भरड लोकर, तिच्यातले मेण आणि खळीचा ताठपणा मिळून पाणी आत शिरू देत नाहीत. हे कापड त्या कामाचे नव्हते. आबांनी उकलून पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी फणी नुसती टेकवल्यासारखी लावली. संध्याकाळपर्यंत वीतभर कापड उतरले. ते उजेडात धरले की पोत एका बाजूने पांढुरका आणि दुसऱ्या बाजूने मधाच्या रंगाचा दिसे, आणि मुठीत चुरगळून सोडले की घड्या आपोआप उलगडत. जुन्या वकिलांचा कोट इतक्या वर्षांनी माझ्या हाताला लागला.

“ऊन पावसात हे टिकायचं नाही,” आबांनी निकाल दिला, “पण लेकराला गुंडाळायला याच्यासारखं नाही.” मग थोड्या वेळाने, जावळाकडे बोट दाखवत, “याचा बाणा याच ताण्यावर घातला तर?” हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. भाचीने ताबडतोब गाठोड्यातले जावळ त्यांच्यापुढे ठेवले.

सहावा दिवस : तोरणमाळ

शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून तोरणमाळला पोचलो. उंची सुमारे १,१५० मीटर. पहाटे यशवंत तलावाच्या काठाला गवतावर दव गोठल्यासारखे पांढरे दिसत होते. स्वेटर मी घातला होता. दोन तासांच्या फिरण्यात तो ऊबदार राहिला, चढ चढताना घाम आला तरी आतून ओलाचिंब लागला नाही, आणि मानेला कुठेही टोचला नाही. दोषही दिसला. दिवसभराच्या वापराने बाह्या मनगटाखाली उतरल्या आणि खालची कड सैल झाली. अल्पाकाला मेंढीच्या लोकरीइतकी लवचीकता नाही. त्याचे जड विणकाम स्वतःच्याच वजनाने लोंबते. म्हणून चांगले उत्पादक त्यात मेंढीची लोकर मिसळतात, आणि असा स्वेटर दोरीवर टांगण्याऐवजी थंड पाण्यात धुऊन आडवा वाळवायचा असतो. कसर लागण्याची भीती दोघांनाही सारखीच, तेव्हा कडुनिंबाचा पाला हवाच.

विश्रामगृहावर भेटलेल्या शहाद्याकडच्या एका बागायतदाराने स्वेटर चाचपून लगेच विचारले, की इथे ही जनावरे पाळता येतील का. खान्देशात हा प्रश्न येणार हे मी गृहीतच धरले होते. इमूपालनाच्या लाटेत ज्यांनी कर्जे काढली, त्यांची रिकामी कुंपणे अजून रस्त्यांवरून दिसतात. भाचीने त्याला सरळ उत्तर दिले. अल्पाका ज्या पठारावर घडला तिथे दिवसा ऊन आणि रात्री गोठणबिंदूखालचा गारठा असतो; दाट लोकरीच्या आत त्याला उष्मा सोसत नाही, आणि शहाद्याचा मे त्याच्या जिवावर उठेल. वर्षातून एकदाच कातरणी, एका जनावराची दोन-चार किलो लोकर, साडेअकरा महिन्यांची गाभणी आणि एका वेळी एकच पिल्लू, हे आकडे ऐकल्यावर त्याने विषय केळीच्या भावाकडे वळवला.

दुपारी आबांच्या सुनेचा फोन आला. जावळाचा बाणा कापसाच्या ताण्यावर उतरला होता. खळ न लावता, फणी हलकी ठेवून. धुतल्यावर ते कापड बोटभर आटले, अल्पाकाचा तुकडा मात्र जवळजवळ होता तेवढाच राहिला. काळे आणि करडे जावळ मिसळले गेल्याने पट्टे उमटले होते, म्हणून पुढच्या कातरणीला रंग वेगळे ठेवायला वाड्यावर सांगून ठेवा, असा आबांचा निरोप होता. भाचीने दोन्ही तुकडे कुरिअरने मागवले आणि म्हातारीच्या मुलाला फोन लावून फाल्गुनातल्या कातरणीसाठी चार पोती वेगवेगळी ठेवायला सांगितली : काळे जावळ, करडे जावळ, पाठीची लोकर आणि उरलेली. भाव किती देणार, हे त्याने आधी विचारले.